जयवंताबाईचा फोटो

इंग्रजांनी वऱ्हाड नागपूरच्या कारभाराला जोडलं, त्याच्या पुढच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. अकोल्याच्या खालच्या अंगाला, मोर्णेच्या काठी शालिकराम माळ्याचा फुलमळा होता. झेंडू, शेवंती, मोगरा, थोडा गुलाब, आणि बांधाच्या कडेने वांगी-मिरच्या. शालिकरामची बायको जयवंता. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती, आणि सासू येता-जाता उसासे टाकायची. मग एकदाचे जयवंताला दिवस गेले. सासूने मारोतीपुढे नारळ फोडला. सातव्या महिन्यात मळ्यातल्याच मोगऱ्याची वाडी भरून सुनेला पाटावर बसवलं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून बैलांच्या दमणीत घालून काटेपूर्णेच्या काठच्या तिच्या माहेरी पोचती केली.

पोटातलं पोर भारी अवखळ होतं. दिवे लागले, जयवंता जेवून टेकली, की त्याची धडपड सुरू व्हायची. जयवंता आईचा हात ओढून पोटावर धरायची.

"पाह्य माय, लाथा झाडून राहिलं."

आई हसायची. "बापाच्यावानी रागीट निघते तुह्यं पोट्टं."

दिवस भरत आले तशी एका सकाळी जयवंताच्या पोटात कळ आली. कळ म्हणजे कोणी आतून विळा फिरवावा तशी. गावची सुईण मनकर्णाबाई आली. तिने तेल लावलं, शेक दिला, कळा मोजल्या. दोन दिवस जयवंता तळमळली. तिसऱ्या दिवशी कळा थांबल्या, आणि ताप चढला. ताप उतरला तेव्हा पोट होतं तेवढंच होतं, पण आत सामसूम होती. जयवंताने किती वेळा तरी पोटावर हात ठेवून वाट पाहिली. संध्याकाळी जेवून टेकली, तरी काहीच हललं नाही.

मनकर्णाबाई म्हणाली, "झोपलं असंल. वाट पाहू."

नववा सरला, दहावा सरला. अकराव्या महिन्यात मनकर्णाबाईने यायचं सोडलं. पोट हळूहळू बसत गेलं, जणू कोणी रोज मूठ-मूठ माती काढून न्यावी. शेवटी उजव्या कुशीत एक घट्ट गोटा तेवढा राहिला. लेकरू झालं नाही, पडलं नाही, रक्त गेलं नाही. काहीच झालं नाही, आणि गरोदर बाई आपली नुसतीच उठून हिंडूफिरू लागली.

असं कुठे कोणी ऐकलंय? सासू घ्यायला आली ती तोंड पाडून. गावात आधी म्हणाले, पोटात वारं धरलं होतं. मग म्हणाले, लेकराच्या हावेपायी बाईने सोंग केलं. आणि मग कुठूनसं तिसरंच निघालं : माहेरी लेकरू झालंच होतं, पण दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून मायलेकींनी त्याची वाट लावली. हे तिसरं बोलणं जयवंताच्या तोंडावर कोणी बोललं नाही. पण विहिरीवर ती गेली की बायांची घागर लवकर भरायची.

"मी खोटी नोती," जयवंता नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या मायनं सोता हात लावून पाह्यला होता."

शालिकराम वाईट माणूस नव्हता. पण आईपुढे त्याचा आवाज निघायचा नाही. "मले बायकायचं काय समजते," म्हणून तो मोटेवर निघून गेला. त्या उन्हाळ्यात त्याने दुसरं लग्न केलं. गोदाबाई घरात आली, आणि वर्षाच्या आत तिला मुलगा झाला, चंद्रभान. पुढे दोन मुली झाल्या.

जयवंताला कोणी हाकललं नाही. तिची आणि घराची ताटातूट अशी ठरवून झालीच नाही. फुलं पहाटे तोडावी लागतात म्हणून ती आधी कधीमधी मळ्यातल्या गवताच्या खोपडीत निजू लागली, मग बहुतेक दिवस, मग तिची पेटी आणि दोन भांडीही तिकडेच आली. घर गावात, जयवंता मळ्यात. सूर्य वर यायच्या आत फुलं तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची, टोपली डोक्यावर घेऊन अकोल्याच्या बाजारात जाऊन बसायची. तिच्यासारखा हार गुंफणारी त्या ओळीत दुसरी नव्हती. लग्नाचे हार, देवाचे हार, मयताचे हार. पोटुशी बाईच्या डोहाळजेवणाला वाडी हवी असली की लोक तिच्याकडेच येत. मोगऱ्याचे बाजूबंद, कंबरपट्टा, डोक्यावरची जाळी ती अशी विणायची की बघणाऱ्याने बघत राहावं. मात्र वाडी घेऊन जायला नेहमी कोणी गडीमाणूस यायचा. ज्या अंगणात ती फुलं चढायची तिथे जयवंताला बोलावणं नसायचं. तिचं पाऊल त्या दिवशी नको, असं बाया म्हणायच्या, आणि तेही तिच्या मागे.

मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची साथ आली तेव्हा गावात घरटी मयत झाली. त्या साथीत जयवंताची सासू गेली. काटेपूर्णेच्या काठी तिची आई आणि मनकर्णाबाई एकाच आठवड्यात गेल्या. त्या महिन्यात जयवंताचे हार कधी नव्हे एवढे खपले. आईची बातमी कळली तेव्हा ती तिरडीवरची फुलंच ओवत होती. तिने तो हार पुरा केला, गिऱ्हाइकाला दिला, आणि मग टोपली पालथी घालून तिच्यावर डोकं टेकून बसली.

आता त्या दिवसांची साक्ष द्यायला कोणी उरलं नाही. त्यानंतर काय झालं, तर जयवंताचा स्वतःचाच आपल्यावरचा भरवसा सुटत गेला. खोपडीत एकटी पडल्यापडल्या ती उजव्या कुशीतल्या गोट्यावर हात ठेवायची. तो कधी दुखायचा नाही, वाढायचा नाही. नुसता असायचा. ती आठवून बघायची, की खरंच लाथा होत्या का? का वारंच होतं? लेकरू हवं-हवं म्हणून आपल्याच मनाने आपल्याला फसवलं का? इतके लोक म्हणतात तर इतके लोक काय खोटे असतील? पहिल्यांदा तिने जगाशी भांडण सोडलं, आणि पुढे कधीतरी स्वतःशीही सोडलं. बाजारात कोणी नवखी बाई लेकराबाळांचं विचारायची, तर जयवंता म्हणायची, "नाई वो. मले काई झालंच नाई."

पण झोपताना हात मात्र गोट्यावर जायचा. त्याला तिचा इलाज नव्हता.

अशी वर्षं गेली. जयवंता पन्नाशीला आली. चंद्रभान हाताशी आला, त्याने मळ्याचं सगळं काम अंगावर घेतलं. तो तिला मोठी माय म्हणायचा. सकाळी भाकर घेऊन यायचा, एखादा शब्द बोलायचा, मोट धरायचा. मोठ्या मायच्या नावाने गावात काय बोलतात हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने कधी काही विचारलं नाही, आणि तिने कधी काही सांगितलं नाही.

दुसरी मोठी लढाई लागायच्या जरा आधीचा हिवाळा होता. मोटेला नवा गोऱ्हा जुंपायला घेतला होता. तो अजून पुरता वठणीवर आला नव्हता. जयवंता मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ वाकून पाटाची माती सारत होती. गोऱ्ह्याने मागे झटका दिला, कासरा चंद्रभानच्या हातातून सुटला, आणि जनावर जयवंताच्या अंगावर गेलं. ती उडून थारोळ्याच्या दगडावर कमरेत आपटली.

आधी वाटलं, मुका मार आहे. हळद लावली, शेकलं. पण दुसऱ्या दिवशी तिला पाय टेकवेना. पोट फुगायला लागलं. पाणी घेतलं की उलटी, आणि उलटी हिरवी. चंद्रभान घाबरला. त्याने दमणी जुंपली आणि तिला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने पोटाला हात लावला आणि त्याचा हात उजव्या कुशीत थांबला.

"हे काय आहे? किती दिवसांचं?"

"जुनं हाये," जयवंता म्हणाली. "त्याचं काई नाई."

डॉक्टर चंद्रभानला बाजूला घेऊन म्हणाला, "कमरेचं हाड मोडलं असेल तर एक, आतडं अडकलं असेल तर दुसरं, आणि हा गोळा कसला ते तिसरंच. अंदाजाने पोट उघडायचं नाही. अमरावतीला ने. तिथे आतला फोटो काढतील. आजच्या आज ने."

आगगाडीत जयवंताला बाकावर आडवं टाकलं. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. हमालाने आणि चंद्रभानने तिला घोंगडीत उचलून एका फलाटावरून दुसऱ्यावर नेलं. घोंगडीतून तिला फक्त आभाळ दिसत होतं. तिच्या मनात आलं, असं उचलून आपण आता एकदाच जाणार, चौघांच्या खांद्यावर, आणि ते काही फार लांब नाही. तिला भीती वाटली नाही. वाईटही फारसं वाटलं नाही. मळ्यात शेवंती तोडायला आली होती, ती कोण तोडेल एवढंच तिने चंद्रभानला विचारलं.

अमरावतीच्या दवाखान्यात फोटोची खोली मागच्या अंगाला होती. खिडक्यांना काळे पडदे, मधोमध टेबल, वर लोंबणारं लोखंडी धूड. ती खोली जीव ओढून घेते अशी गावाकडच्या लोकांची पक्की समजूत. यंत्र चालवायला अब्दुल सत्तार नावाचा इसम होता. दाढी पिकलेली, आवाज हळू. त्याच्या बोटांची कातडी त्या यंत्रापायी काळी पडून तडकली होती.

"घाबरू नका बाई," तो म्हणाला. "सुई नाई, चाकू नाई. मी 'हां' म्हटलं की दम रोखून धरायचा. बस, येवढंच काम."

"दुखते का?"

"तुमाले नाई दुखत."

धूड गुरगुरलं. जयवंताने दम रोखला. अंधारात तिला आपल्या छातीचे ठोके ऐकू येत होते. सत्तारने फिल्म काढून नेली आणि शेजारच्या कोठडीत लाल दिव्याखाली औषधाच्या पाण्यात बुडवली.

चित्र वर येऊ लागलं. बाईचा मणका दिसला, कमरेचं कडं दिसलं. आणि त्या कड्याच्या वर, उजव्या बाजूला, दुसरा मणका दिसला. चिमुकला, वाकलेला. सत्तारने जीभ चावली. त्याच सकाळी एका तान्ह्या पोराने पैसा गिळला म्हणून त्याचा फोटो काढला होता. तीच फिल्म चुकून पुन्हा वापरली, असं त्याला वाटलं. इतक्या वर्षांत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती. तो बाहेर आला आणि ओशाळून म्हणाला, "बाई, माफ करा, माझी गलती झाली. पुन्हा एकदा."

त्याने नवा डबा फोडला, नवी फिल्म घातली. या वेळी तिला कुशीवर वळवून बाजूने काढला. पुन्हा लाल दिवा, पुन्हा पाणी. पुन्हा तोच चिमुकला मणका. या वेळी फासळ्याही, भाताच्या कोंबासारख्या. डोकं गुडघ्यांकडे झुकलेलं. सकाळच्या पोराच्या पोटात पैसा होता. इथे पैसा नव्हता.

सत्तार ओली फिल्म तशीच हातात धरून मुळावकर डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर दवाखान्यातले मोठे सर्जन. त्यांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि वाकून निरखली. मग म्हणाले, "हे मी फक्त पुस्तकात वाचलंय, सत्तार."

ते स्वतः जयवंताच्या खाटेशी आले, मागोमाग फिल्म घेऊन सत्तार. चंद्रभान पायथ्याशी उभा होता.

"बाई, तुम्हाला मूलबाळ किती?"

"नाई."

"कधी दिवस गेले होते?"

जयवंता छताकडे बघत राहिली. डॉक्टरांनी घाई केली नाही. शेवटी ती म्हणाली, "गेले होते असं वाटलं होतं."

"वाटलं होतं म्हणजे?"

"सारे म्हणे, वारं होतं. नाईतर सोंग. मले आता सांगता येत नाई, बापा. लई वर्सं झाली."

"वारं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "सोंगही नव्हतं. मूल होतं, बाई. पिशवीत वाढायचं ते पिशवीबाहेर वाढलं. हजारो बायांत एखादीला होतं असं. त्याला बाहेर यायला वाटच नव्हती, ते आतच गेलं. मग तुमच्या शरीराने त्याच्याभोवती हळूहळू चुना चढवला, भिंतीला देतो तसा. म्हणून ते सडलं नाही, म्हणून तुम्ही वाचलात. ते अजून तिथे आहे."

जयवंताने मान वळवली. तिच्या ओठांवर उलट्यांनी कोरड आली होती.

"म्हनजे होतं?"

"होतं."

"लाथा मारे ते खरं होतं?"

"खरं होतं."

चंद्रभानने पाहिलं, तिचा हात चादरीखालून सरकत उजव्या कुशीकडे गेला. ती रडली नाही. तिने नुसतं विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"ते फोटोत कळत नाही."

"मले दाखवा."

असल्या गोष्टी रोग्याला दाखवायची रीत नव्हती. डॉक्टर घुटमळले. पण सत्तारने विचारायची वाट पाहिली नाही. त्याने खिडकीचा पडदा सारला, फिल्म तिच्या डोळ्यांसमोर धरली, आणि तडकलेल्या बोटाने दाखवत गेला. "हे तुमचं हाड. हे त्याचं डोकं. ही पाठ. हे इथं हात, असे छातीशी घेतले हायेत. हा पाय."

"येका पायानं मारे," जयवंता म्हणाली. "जेवल्यावर."

चंद्रभान खोलीबाहेर गेला आणि व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. आईच्या, आजीच्या, गावातल्या बायांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं सगळं त्याला आठवत होतं. पण त्याला लगेच परत आत जावं लागलं, कारण डॉक्टर हाक मारत होते.

आपटल्यामुळे तो गोळा जागचा सरकला होता आणि आतडं त्याच्याभोवती पिळून अडकलं होतं. कमरेच्या हाडाला नुसती चीर होती, ती आपोआप भरून आली असती. पण पोट उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"राहू द्या," जयवंता म्हणाली. "जसं हाये तसं राहू द्या. आता कायले काढता?"

"नाही काढलं तर तुम्ही दोन दिवस काढणार नाही."

"तर नाई काढत."

"मोठी माय," चंद्रभान म्हणाला. तो खाटेच्या कडेला बसला. असा तो तिच्या इतक्या जवळ लहानपणीही कधी बसला नव्हता. "मोठी माय, तू मेली तर हे बी तसंच जाईल. अंधारातून अंधारात. त्याले एकडाव उजेड तं दाखव."

जयवंताने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "काढून मले द्यान का?"

इथे डॉक्टर अडखळले. ते सज्जन होते आणि खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "बाई, अशी केस आमच्या जन्मात पुन्हा यायची नाही. नागपूरच्या वैद्यकीय शाळेत ते काचेच्या बरणीत नीट राहील. शिकणारी मुलं पाहतील. पुढे तुमच्यासारखी एखादी बाई आली तर त्यांना ओळखता येईल. तुमची हरकत नसेल तर…"

"हरकत हाये," जयवंता म्हणाली. आवाज तिचा इतका बारीक झाला होता की डॉक्टरांना वाकावं लागलं. "इतके दिवस मी त्याले ठेवलं. कोनाले दाखवलं नाई. आता बरनीत घालून साऱ्यायले दाखवता? फोटो ठेवा तुमी. पोरायले फोटो दाखवा. लेकरू माहं हाये."

डॉक्टर सरळ झाले. "बरं," म्हणाले. "शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. तिला क्लोरोफॉर्म दिला. शुद्ध आली तेव्हा पोटात आगीचा डोंब होता आणि उजव्या कुशीत काहीच नव्हतं. तिने हात ठेवून पाहिला. पट्टी लागली. पट्टीखाली पोकळी होती. एवढ्या वर्षांत त्या जागी हात ठेवला आणि काही हाताला लागलं नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. तेव्हा ती रडली, आणि नर्सला वाटलं की टाके दुखतात.

ते लेकरू पांढऱ्या धुतल्या फडक्यात बांधून चंद्रभानच्या स्वाधीन केलं होतं. डॉक्टरांनी जाताना जयवंताला एवढंच सांगितलं, की मुलगी होती.

पोटाचे टाके निघेपर्यंत जयवंता अमरावतीला राहिली. मधल्या बाजाराच्या दिवशी शालिकराम आला. म्हातारा झाला होता, काठी टेकत होता. खाटेजवळच्या स्टुलावर बसून तो आधी गाडीच्या गर्दीचं बोलला, मग शेवंतीच्या भावाचं बोलला. चंद्रभानने त्याला सगळं सांगितलेलं होतं.

"जयवंते," तो म्हणाला, "मले काय मालूम होतं वो?"

"तुमाले मालूम नोतं," ती म्हणाली.

"मायच म्हने…"

"हो."

त्याला वाटलं असेल की ती चिडेल, बोलेल, वर्षांवर्षांचं बाहेर काढेल. त्यासाठीच तो कदाचित आला होता. पण जयवंताच्या मनात तसं काही उठलंच नाही. ज्यांना सांगायचं होतं, आणि ज्यांनी ऐकून तोंडात बोट घालायला हवं होतं, ती सासू गेली होती. ज्या आईने पोटावर हात ठेवून लाथ ओळखली होती, ती गेली होती. मनकर्णाबाई गेली होती. त्यांतली एक जरी असती तरी जयवंता उठून बसली असती. समोर होता तो एक थकलेला म्हातारा, ज्याला तेव्हाही काही कळलं नव्हतं आणि आताही आपल्याला क्षमा मिळाली की नाही हे कळत नव्हतं. तिला त्याची कीव आली.

"पानी प्या," ती म्हणाली. "उन्हाचे आलात."

लेकरू त्यांनी मोर्णेच्या काठी पुरलं, मळ्याच्या बाहेर, बाभळीच्या बनापाशी. तान्ही लेकरं तिथेच पुरत. चंद्रभानने खड्डा खणला. जयवंता काठी टेकत आली होती. तिने फडकं सोडून एकदा पाहिलं. लेकरू राखी रंगाचं होतं, दगडासारखं, मुठीत मूठ घेतलेलं. कपाळ शालिकरामचं होतं, असं तिला वाटलं. दगडात काय कपाळ ओळखू येतं? पण तिला वाटलं. तिने त्याच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली आणि फडकं पुन्हा नीट बांधलं, मान झाकून, जसं थंडीत बांधतात. चंद्रभानने हात पुढे केले तेव्हा द्यायला तिला थोडा वेळ लागला.

गावाने यावर विश्वास ठेवला का? काहींनी ठेवला. चंद्रभान चावडीत बसून सांगायचा, मी सोता डोळ्यानं फोटो पाह्यला. काही म्हणाले, पोटात गोटा होता तो काढला, बाकी चंद्रभानच्या कल्पना. फोटो अमरावतीला राहिला होता, आणि तो पाहायला एवढ्या लांब कोण जातो? एक-दोन म्हाताऱ्या मात्र विहिरीवर जयवंता आली की घागर काढून तिला आधी जागा देऊ लागल्या.

जयवंता मळ्यातच राहिली. घरी ये म्हणून चंद्रभानने खूप म्हटलं. ती म्हणाली, "फुलं पहाटे तोडा लागतात." टाक्यांमुळे तिला टोपली उचलवेना, म्हणून बाजार चंद्रभान करू लागला आणि ती खोपडीसमोर बसून नुसते हार ओवायची. एका गोष्टीची तिला सवय होता होईना. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, ओझं उतरलं. तिला तसं वाटत नव्हतं. कूस बदलली की ती दचकून जागी व्हायची, काहीतरी विसरून आलो, कुठेतरी ठेवून आलो, असं वाटून. आपण खोट्या नव्हतो हे तिला कळलं होतं, आणि ते कळताकळताच सोबत गेली होती. आधी निदान शंका तरी सोबतीला होती.

माघातल्या एका दुपारी गोदाबाई मळ्यात आली. एरवी ती यायची ते चंद्रभानला हाक मारायला, आणि बांधावरूनच परतायची. आज ती खोपडीपर्यंत आली आणि हातातली वाटी खाली ठेवली. बाजरीची खिचडी होती, वर कढी.

"गरम हाये, खाऊन घ्या बाई."

जयवंताने वाटी जवळ घेतली. गोदाबाई बसली. तिचेही केस आता पांढरे झाले होते, गुडघे धरून बसायची. दोघींच्या मधे शेवंतीचा ढीग होता. गोदाबाईने एक दोरा उचलला आणि ओवायला लागली. तिला ते जमत नव्हतं, फुलाची मान तुटत होती.

"देठाच्या खालून धर," जयवंता म्हणाली.

गोदाबाईने तसं धरलं. मग मान वर न करता म्हणाली, "मी आली तवा मले सांगतलं होतं, का ते बाई नीट नाई. मी पोट्ट्यायले तुमच्यापाशी येऊ देत नोती. चंद्रभान तान्हा होता तवा तुमी येकडाव हात पुढं केले होते. मी नाई देल्ला."

"मले याद हाये," जयवंता म्हणाली.

गोदाबाईने ढिगातलं पुढचं फूल घेतलं. पाटाचं पाणी वाफ्यातून झिरपत होतं आणि पलीकडे चंद्रभान बैलांना हाकारत होता. ऊन कलायला लागलं तशी गोदाबाई उठली, लुगड्याची फुलं झटकली, रिकामी वाटी घेतली.

"उद्या येतो," ती म्हणाली, आणि बांधावरून गावाकडे चालू लागली.

जयवंताने तिने ओवलेला हार हातात घेऊन पाहिला. निम्मी फुलं सैल बसली होती. तिने तो उसवला, फुलं पुन्हा ढिगात टाकली, आणि मग कितीतरी वेळ नुसता दोरा हातात घेऊन गोदाबाई गेली त्या बांधाकडे बघत बसली. बांधावर कोणी नव्हतं.